पोटाची पावडर

सुकेशनी : तसं नका करू काका. नुसतं "घ्यायलोय" म्हनून चालत न्हाई. गोळ्यांचं पाकीट दावा.

(वालूरच्या बाजारातलं किराणा दुकान, सकाळची वेळ. मालक वीरुपाक्ष यांना टीबीच्या गोळ्या सुरू होऊन तीन महिने झालेत. गावच्या आशाताई सुकेशनी विचारपूस करायला आल्यात. वीरुपाक्ष यांच्या पत्नी नागुबाई मधल्या दारात तूरडाळ निवडत बसल्यात.)

वीरुपाक्ष : पाकीट आत घरात हाय. आन् गिऱ्हाइकाच्या वक्ताला त्या रोगाचं नाव काढू नगंस बाई. खोकला हाय का आता मला? न्हाई. ताप? न्हाई. वजन बी दोन किलोनं वाढलंय.

सुकेशनी : लय चांगलं झालं. आन् मळमळ? मागच्या टायमाला जुलाबानं बेजार होता तुमी.

वीरुपाक्ष : समदं बंद. डॉक्टरनं ती पावडरीची पुडी दिली न्हवं, प्रोबायोटिक का काय, तिची कमाल हाय.

नागुबाई : खरंच गं. त्या पुडीनं मानूस उभा ऱ्हायला बघ. मी ताकात कालवून देते.

सुकेशनी : बरं. लघवी अजून लालसर होती का, काका?

वीरुपाक्ष : छे. आता एकदम साफ. पान्यासारखी.

सुकेशनी : कवापासून?

वीरुपाक्ष : झाले की आठ-नऊ दिस.

सुकेशनी : काका, लघवीला तो रंग गोळ्यांचा असतो. पहिल्या दिवशी मीच सांगितलं होतं, घाबरू नका म्हनून. साफ झाली म्हंजे गोळ्या बंद हायत तुमच्या.

नागुबाई : असं कसं? रोज जेवन झालं की मी हातावर ठेवते त्यांच्या.

सुकेशनी : हातावर ठेवता काकू. तोंडात जाताना बघता का?

नागुबाई : अहो, बोला की. ही काय म्हनायलीय?

वीरुपाक्ष : बडीशेपच्या डब्यात हायत.

नागुबाई : काय?

वीरुपाक्ष : गोळ्या. बडीशेपच्या डब्यात टाकल्या. मोबाइलवर बघितलं मी, पुडीतले चांगले जंतू वाईट जंतूला खाऊन टाकतेत म्हने. मंग दोनदोन औषधं कशाला? आन् फरक पडला का न्हाई? पोट नऊ दिसांत ठिकानावर आलं.

सुकेशनी : पोट ठिकानावर आलं ते गोळ्या सोडल्या म्हनून. आन् आता ऐका. टीबीच्या गोळ्या लय कडक असतेत. त्या टीबीचा जंतू मारतेत, आन् पोटातले आपल्या कामाचे जंतू बी मारतेत. पुडी त्या कामाच्या जंतूची भरती करती, म्हंजे पोट तग धरंल आन् तुमी गोळ्या सोडनार न्हाई. त्यासाठीच डॉक्टरनं दिली ती. अजून तिच्यावर अभ्यास चालू हाय, समद्यालाच गुन येतो असं बी न्हाई. पन छातीतला टीबी तिच्यानं मरत न्हाई.

वीरुपाक्ष : मरत न्हाई?

सुकेशनी : न्हाई. आन् गोळ्या अर्ध्यात सोडल्या तर तोच जंतू निबर होतो. मंग ह्याच गोळ्या त्याला लागू पडत न्हाईत.

नागुबाई : एवढं शिकलेले तुमी. गावाला हिशेब समजावून सांगता. आन् मोबाइलवरच्या मानसाचं ऐकलं?

सुकेशनी : थांबा काकू. काका, तीन महिने उलट्या काढून तुमी एक बी गोळी चुकवली न्हाई. पूजा झाल्याबिगर चहा न घेनारे तुमी, टाइम कधी चुकवत न्हाई. मोबाइल बघून एकदम सोडनार न्हाई तुमी. काय झालं होतं?

वीरुपाक्ष : काई न्हाई झालं.

सुकेशनी : बरं. मी बसते. गिऱ्हाईक आलं तर डाळ मोजून देते.

वीरुपाक्ष : ...पोखर्णीला गेलतो आमी. हिच्या भावाच्या पोराचा साखरपुडा व्हता.

नागुबाई : व्हय, बन्सीधरच्या जीवनचा. तिथून तर हे रागानं निघून आले. बन्सीधरनं मान ठेवला न्हाई, पाहुन्यापुढं तोडून बोलला म्हनून.

वीरुपाक्ष : तो काईच बोलला न्हाई.

नागुबाई : आँ?

वीरुपाक्ष : पंगतीत बसलतो. दुसरं वाढप चालू व्हतं. पोटात कळ आली, उठेस्तोवर... धोतर खराब झालं. बाजूला नवरीचा चुलता बसलेला. त्यानं बघितलं का न्हाई, मालूम न्हाई. मी मागच्या मागं निघालो, कॅनॉलवर धोतर धुतलं, आन् तसंच वलं नेसून फाट्यावर येऊन गाडी धरली. साठ वर्षांत असं झालं न्हवतं. त्याच दिशी ठरवलं, बस झाल्या गोळ्या.

नागुबाई : आन् मला म्हनलात भावानं अपमान केला.

वीरुपाक्ष : दुसरं काय सांगनार व्हतो?

नागुबाई : नऊ दिस त्याचा फोन उचलला न्हाई मी. काल त्याची बायको रडली फोनवर. म्या म्हनलं, आदी माफी मागा माझ्या नवऱ्याची.

वीरुपाक्ष : चुकलं माझं.

नागुबाई : मला सांगायचं व्हतं. धोतरं मीच धुते की तुमची. दुसरं कोन धुतं?

सुकेशनी : काका, डोळे बघू द्या जरा. खालची पापनी वढा. हां, पिवळे न्हाईत, गोळ्यांनी कावीळ झालेली दिसत न्हाई. पन एवढे जुलाब झाले ते डॉक्टरला सांगावंच लागंल. गोळ्या तुमच्या मनानं चालू करू नका आता. आज सेलूच्या दवाखान्यात जाऊ. रक्त तपासतेल, बेडका तपासतेल, मंग कशा चालू करायच्या ते तेच सांगतेल. पुडी बी किती आन् कवा, ते विचारू.

वीरुपाक्ष : आजच?

सुकेशनी : आजच. मी येते संगट. आन् दुसरं, तुमची लेक धनश्री शुक्रवारी बाळंतपनाला यायलीय ना?

नागुबाई : व्हय. नववा लागलाय.

सुकेशनी : रिपोर्ट येईस्तोवर तिला आनू नका. तीन महिने औषध झालंय, कदाचित काकांपासून आता कुनाला लागन होत बी नसंल. पन नऊ दिस खाडा पडलाय. तान्ह्या लेकराच्या बाबतीत अंदाजावर जायचं न्हाई.

नागुबाई : मी सांगते तिला. घराचं काम काढलंय म्हनते.

वीरुपाक्ष : नको. अजून एक खोटं नको. लाव फोन, मी बोलतो.

नागुबाई : लावलाय. घ्या.

वीरुपाक्ष : धना, मी बोलायलोय. ...आई बरी हाय. तू ऐक आदी. शुक्रवारी इकडं येऊ नगंस. ...न्हाई, थोडेच दिस. परभनीलाच ऱ्हा. ...माझ्या गोळ्या व्हत्या न्हवं, त्या मी सोडल्या व्हत्या. नऊ दिस. ...न्हाई, कुनी सांगितलं न्हाई. माझं मीच. पोटाचा लय तरास व्हायलता, लाज वाटली सांगायला. ...आता सेलूला निघालोय. ...हां. ...हां, बाळा. ...बरं, ठेवतो.

नागुबाई : काय म्हनली?

वीरुपाक्ष : म्हनली, बाळाला मांडीवर कवा घेता येईल तेवढं डॉक्टरला विचारून ठेवा.