पंख्याजवळची तक्रारपेटी

मुलांना मारायचं नाही असा कायदा आहे, म्हणून शाळेत तक्रारपेटी आली. ती वर्षभर रिकामी राहिली, तर हेडमास्तर राजकुमार सरांच्या अंगावर बालदिनी शाल पडणार होती. बोथच्या बसस्टँडवर शाळा समितीचे अध्यक्ष नागोराव त्यांच्याशी बोलत होते. मागच्या बाकावर आशाबाई बसची वाट पाहायचं सोडून ऐकत होत्या.

“सर, पेटी पार पंख्याजवळ काऊन टांगली?”

“खाली होती, तर पोरं चिठ्ठ्या टाकून राह्यली होती!”

“तक्रारपेटीत?”

“तेच तर! अशानं ती रिकामी राहीन का?”

“काल ते पोरगी भाग्यश्री वर्गातल्या बाकावर चढली होती म्हने.”

“हो ना. हातात चिठ्ठी. ‘सर छडीनं मारतात.’”

“मंग?”

“पडली असती म्हणजे? लेकराची सुरक्षा आपल्या डोक्यावर! पुन्हा चढू नये म्हणून दोन छड्या दिल्या.”

“अन् तिनं पुन्हा चिठ्ठी लिहिली तं?”

“कशी लिहीन, नागोराव? उजवा हात सुजला तिचा.”

“मंग शाल पक्की समजा, सर!”