दाराआतलं लाकूड

तुरिनमधल्या जुन्या गाड्यांच्या नोंदणी कचेरीत माझ्या मागच्या बाकावर पन्नाशीची ओर्नेल्ला आणि तिच्या वडिलांबरोबर गाड्यांच्या कारखान्यात काम केलेले सेकोंदोकाका बसले होते.

"गाडीच्या चारही मालकांचे कागद जुळले, काका. इंजिनाचा नंबरही जुळला. तरी म्हणतात, बॉडी नक्कल आहे."

"नक्कल? तो पत्रा मी आणि तुझ्या बापाने हाताने ठोकलाय!"

"पुरावा मागतात."

"मग दाराचं अस्तर काढून दाखव की. आतल्या लाकडावर निळ्या पेन्सिलीने बॉडीचा नंबर असतो. आम्ही प्रत्येक गाडीवर घालायचो."

"आता नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"बाबा दवाखान्यात गेले, तेव्हा म्हटलं, ते येईपर्यंत गाडी लखलखीत करावी. लाकडाला बुरशी आली होती. मीच पॉलिश पेपरने घासून काढलं."

"अगं, काय केलंस हे! फोटो तरी काढलास?"

"नाही. आणि बाबा खाटेवरून रोज विचारतात, गाडी अस्सल असल्याचा दाखला मिळाला का म्हणून."

"दोन्ही दारं घासलीस?"

"दोन्ही."

"डाव्या दारावर नंबराखाली आणखी काही होतं ना?"

"होतं काहीतरी पुसट. मी वाचलंसुद्धा नाही."

"तुझं नाव होतं, पोरी. तू जन्मलीस त्या दिवशी तुझ्या बापाने लिहिलं. तीस वर्षं मालकामागून मालक धुंडाळत ही गाडी त्याने उगाच नाही शोधली."

तेवढ्यात खिडकीतून हाक आली.

"सत्तेचाळीस! सत्तेचाळीस नंबर कोण?"

"ऊठ, पोरी. आपणच."