क्वॅगमायरचा वाक्यात उपयोग

आमचं लग्न कसं जमलं, सांगू? पंच्याऐंशीच्या सुमारास पहूरचे पाहुणे मला बघायला शिंदखेड्याला आले. मुलाचे मामा इंग्रजीचे मास्तर. स्वयंपाक येतो का, ते राहिलं बाजूला. हातात पोह्यांची बशी धरून त्यांनी क्यू असलेले अवघड शब्दच विचारायला घेतले.

"क्वाड्रुपेड?"

"चार पायांचा प्राणी."

"क्वॅगमायर?"

"पाय टाकला की माणूस आत आत जातो, अशी दलदल."

आमचे आबा फुलले. "आमनी पोर हुशार शे!"

मामा हटेनात. "वाक्यात उपयोग कर."

मी म्हटलं, "आत्ता नाही मामा, लग्नानंतर करीन."

मामांना ठसका लागला, आबांचा चहा सांडला. मुलगा मात्र खो-खो हसला, आणि मी मनात तिथंच होकार दिला.

आता भांडण झालं की आमचे हे विचारतात, "झाला का वाक्यात उपयोग?"