डोझरवाल्याची बायको

हॅलो?

हॅलो… हां, पिंके, बोल. ऐकू येतंय. जरा खिडकीपासनं लांब हो, तुज्या कुर्डुवाडीत कायम गाडीचाच आवाज… हां, आता बोल. मिळाला का आचारी?

प्रभु? कोण प्रभु?… बरं, बरं. रेल्वे कॉलनीतल्या लग्नांचं जेवण करतो तो. समोरच बसलाय? मग चहा टाक की त्याला… हां. एकशेवीस माणूस. रविवारी, दुपारचं. वरण, भात, पुरी, बटाट्याची भाजी आन् शिरा. आमचा अमरेश आचारी महिन्याआधी व्हय म्हणला आन् काल ऐनवेळी हात वर केले. करमाळ्याला लग्नाचं काम घेतलंय म्हणं.

काय म्हणतोय?… वैरागचंबी बोलावणं आलंय त्याला? रविवारचंच? तर त्यांना न्हाय म्हण म्हणावं… बरं, दहा मिनटं थांबायला सांग. बसू दे चहा पीत. तू फोन ठेवू नको, मला बोलायचंय.

न्हाय गं. आवाजाला काय झालंय… रडत न्हाय. कांदा चिरतीया… बरं, कांदा न्हाय. ऐक. त्या प्रभुपासनं लांब जा. आतल्या खोलीत जा, दार लोट.

तुज्या दाजींनी माजी अब्रू घालवायचं ठरवलंय.

दारू न्हाय गं… बाई न्हाय. तुजं डोकं भलतीकडंच जातंय. बुलडोझर. आठ महिने झालं बनवायलेत, तोच.

अगं, तू पंचमीला बघितलास तवा नुसता सांगाडा हुता. आता बघशील तर… मिल्ट्रीतला डोझर जसाच्या तसा, सोळापट लहान. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पट्ट्याच्या कड्या केल्या, एकेका बाजूला एकेचाळीस. पुढचं पातं वरखाली व्हायला इंजेक्शनच्या दोन सिरिंजा बसवल्या. आन् खिळ्यांच्या जागी मोहरी. व्हय, मोहरी, माज्या मसाल्याच्या डब्यातली. चिमट्यानं एकेक दाणा उचलून चिकटवायचा. मी म्हणलं जेवायला चला, तर म्हणायचे, थांब, सतरा खिळे राहिल्यात. मिल्ट्रीचा हिरवा रंग दिला आन् दुसऱ्या दिवशी पॉलिशपेपरनं घासून जुना केला. एक कडी वाकडी दिसली म्हणून मी म्हणलं, एवढी नीट करा, वंगाळ दिसतंय. तर म्हणले, ती वाकडीच हुती.

आता आमच्या हितली शाळा त्याला काचेच्या पेटीत ठेवणार. फाटकातनं आत गेलं की समोरच. त्याचाच कार्यक्रम हाय रविवारी. पालक, मास्तर, माजी सैनिक, सगळे… कीर्ती मॅडमनी सांगितलं ह्यांना, मुख्याध्यापिका हायत त्या. म्हणल्या, तुमी डोझर चालवून डोंगरात रस्ता काढलाय, पोरांना बघायला एक मॉडेल करून द्या.

त्यांना कुणी सांगितलं म्हंजे… मी. मीच सांगितलं. हळदीकुंकवाला विषय निघाला, कुणाचे मिस्टर बँकेत, कुणाचे महापालिकेत. मग मी काय गप बसू? म्हणलं, आमच्या ह्यांनी बर्फात बुलडोझर चालवलाय. आन् जेवणाचं आमी बघतो, हेबी मीच म्हणले. माजी जीभ कापून ठेवायला पायजे.

आता ह्यात अब्रू कुटं जाती, ते ऐक. पिंके, ह्यांनी बुलडोझर चालवलेलाच न्हाय. कधीच.

हॅलो?… हायस का?

मिल्ट्री खरी हाय. पेन्शन खरी हाय. डोझरबी खरा हाय. पण हे त्या तुकडीत लांगरी हुते. लांगरी… आचारी गं. डोझर चालवणाऱ्यांना रांधून घालायचे.

हळू. प्रभु ऐकंल.

आता मला विचारतीस? कोंडीबा मामाला विचारायला पायजे हुतं, तो गेला वरती. लग्न जमवताना त्यानंच आबांना सांगितलं, पोरगा मिल्ट्रीत बुलडोझर चालवतो. स्वयंपाक्याला आबांनी पोरगी दिली नसती, मामाला पक्कं ठाऊक हुतं. मांडवात सगळे बुलडोझर बुलडोझर करत हुते आन् हे खाली मान घालून बसले हुते. नवरदेव लई लाजतोय म्हणून तू आन् मी किती हसलो… हां, तेच. लाजत नव्हते ते.

मला पहिल्या वर्षीच कळलं. सुट्टीवर आले हुते आन् मला ताप भरला. म्हणले, तू पड, मी वरण लावतो. लावलं. घरात चार माणसं, सगळी गल्ली जेवली तरी उरलं. चाराचं त्यांना करताच येत न्हाय. आन् मीठ… दाराकडं बघत बघत डब्यात हात घातला आन् मूठ सोडली. चाखूनसुद्धा बघितलं न्हाय. खाल्लं तर कसं, तोलून टाकल्यासारखं. मी पांघरुणातनं बघत हुते. म्हणलं, हा हात बुलडोझरवाल्याचा न्हाय. पुढं रिटायर झाले तवा मिल्ट्रीनं दिलेल्या नोकरीच्या पुस्तकात छापलेलंच वाचलं.

विचारलं न्हाय. काय विचारू? वाईट वाटलं असतं त्यांना. मला ठाऊक हाय, हे मी बत्तीस वर्षांत कळू दिलं न्हाय. त्या तापानंतर त्यांनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला न्हाय. माजी फोडणी करपली की बाहेरनं नुसतं नाक वर करत्यात. मी समजून घेते. आन् चारचौघांत विषय निघाला की मीच पुढं हून सांगते, बर्फ केवढं, दरी केवढी, डोझर कसा कडेला लटकला…

लटकला हुता का, मला काय ठाऊक. सांगायला बरं वाटतंय.

हे? हे काय बोलत न्हाईत. कुणी विचारलं तर म्हणत्यात, मशीन लई भारी हुतं. बास. मी चालवायचो असं एकदाबी त्यांच्या तोंडातनं… न्हाय. आता आठवून बघते तर एकदाबी न्हाय. सगळं मीच बोलत आले. त्यांच्या अब्रूसाठी गं.

माजी? माजी काय अब्रू… बरं, थोडी माजीबी. भिशीत मला डोझरवाल्या वैनी म्हणत्यात. म्हणू नये का माणसानं.

तू मधी बोलू नको, ऐक ना. आठ महिन्यात सगळं केलं, पण चालक बसतो ती केबिन कुणाला बघू देत न्हाईत. त्यावर कापड. माज्याच ब्लाऊजपीसचा तुकडा, टाचण्या लावून. विचारलं तर म्हणत्यात, मिल्ट्रीचं गुपित असतंय. मी मनात म्हणलं, आत दांडके किती असत्यात ते तुमाला ठाऊक न्हाय, हेच गुपित. खालनं बघशील तर ओरखडासुद्धा जागेवर. वरचं कसं येणार, वर बसले कधी? म्हणलं, राहू दे झाकलेलं. काचेत कोण हात घालतंय.

तर परवा कळलं, ह्यांनी प्रमुख पाहुणा बोलावलाय. निंगप्पा. अक्कलकोटच्या पलीकडं राहतोय. पिंके, तो डोझर खरोखर चालवायचा ना, तो हाच… व्हय, ह्यांच्याच तुकडीतला. बत्तीस वर्षं मी त्याला लांब ठेवला. त्याच्या घरच्या लग्नाचं आमंत्रण आलं तरी काहीतरी कारण काढून गेलो न्हाय. आन् ह्यांनी आपल्या हातानं फोन करून बोलावला. शाळेला म्हणले, हार त्यालाच घाला.

काल त्याचा फोन आला. हे न्हाणीत हुते, मी उचलला. म्हणतोय, "वैनी, तुमच्या मालकाच्या हातचं वरण खाऊन बावीस वर्षं झाली बघा. रविवारी तेच हाय न्हवं?" मी आवाज येईना म्हणले आन् कट केला.

आता तूच सांग. मंडपात माईक हातात घेऊन तो हेच बोलला तर? कीर्ती मॅडम समोर, सगळी भिशी समोर. मी कुटं तोंड लपवू… हे. हे कुटं तोंड लपवतील, असं म्हणतीया मी.

काय?… कापड काढून बघू? न्हाय, घरात न्हाईत, काचेची पेटी आणायला गेल्यात. येतीलच… तसं बघायला काय हाय म्हणा. थांब. फोन कानाला धरूनच जाते.

हितंच हाय, कॉटवर. चार टाचण्या हायत. एक… दोन… आई गं. टोचली. तीन…

पिंके. आत माणूस हाय.

खेळण्यातला न्हाय, ह्यांनी केलेला. बोटाएवढा. शिटावर बसलाय. मिशा हायत भरघोस… ह्यांना कधी मिशा हुत्या? निंगप्पा हाय हा. तुकडीच्या फोटोत हाय तसाच. आन् दांडकेबी हायत की समोर. सगळे. पायाखाली ब्रेकचं पायडलसुद्धा. म्हणून महिनाभर गच्चीवर जाऊन हळू आवाजात निंगप्पाला फोन चालले हुते. मला काय काय वाटलं हुतं.

थांब, अजून एक हाय. कापडाच्या आड खाली, पट्ट्याला टेकून. हा उभा हाय. हात वर केलाय, वरच्याला काहीतरी देतोय… किटली. चहाची किटली हाय. कमरेला फडकं. पोट जरा पुढं.

हे हायत, पिंके. कान तसेच, बाहेर आलेले.

आन् ही किटली… ह्ये काय. हा माजा झुमका हाय. उलटा करून तोटी लावलीया त्याला… व्हय, तोच. पंचमीला गेला तो. तू नेलास म्हणून मी… व्हय. व्हय, चार महिने बोलले न्हाय तुज्याशी. आता काय पाया पडू? चुकलं. म्हणलं की चुकलं.

पाटी? हाय, पाटीबी हाय. कागदात गुंडाळून खाली ठेवलीया. थांब, वाचते. "डोझर चालक, निंगप्पा." आन् खालच्या ओळीत, "चहा आणि जेवण, हणमंत." एवढंच… न्हाय, हवालदार न्हाय, काय न्हाय. एवढंच.

म्हंजे निंगप्पा काय बोलंल म्हणून मी झुरतीया, आन् हे आधीच पितळेत कोरून आणल्यात. मला न विचारता. बत्तीस वर्षं मी एवढं जपलं…

हां. आता रडतीया. गप जरा.

अगं, हा माणूस गुमान चहा घेऊन उभा हाय, आन् मी त्याला सगळ्या सोलापुरात दुसऱ्याच माणसाच्या नावानं मिरवलं. एकदा तरी विचारायचं हुतं मी, तुमी काय करायचा म्हणून. किती वाईट वाटलं असंल गं त्यांना.

…काढू? तुलाबी तेच सुचलं व्हय. मीबी तेच बघतीया. हा खालचा काढला की वरचा कोण, कुणाला काय कळतंय. पाटी दुसरी करून घेऊ, निंगप्पाला काहीतरी सांगून गप बसवू… थांब. दोन बोटांनी धरते.

निघंना.

लई पक्का चिकटवलाय. पातं हललं, पट्टा हलला, हा काय हलत न्हाय.

आले. फाटक वाजलं. ठेवू नको, चालू राहू दे.

…या. हळू, कोपरा लागंल. तितं ठेवा पेटी… व्हय, बघितलं. मीच काढल्या टाचण्या… पिंकी हाय फोनवर.

पेटी ठेवली गं. उभेच हायत. मांडवात बसले हुते तशीच मान खाली. तू जरा थांब.

अहो. ऐकलं का… एकशेवीस माणसाला डाळ किती लागंल?

साडेआठ किलो. पिंके, साडेआठ किलो म्हणत्यात. थांबलेबी न्हाईत, लगेच म्हणले. आन् पुरीचं पीठ सकाळी मळायचं न्हाय म्हणं, ऐनवेळी मळायचं… काय? पातेली कुटनं आणायची विचारत्यात. मला काय विचारताय, तुमीच ठरवा.

गेले बघ आत. स्वयंपाकघरात, पिंके. डबे उघडायलेत… न्हाय, रडत न्हाय. बरं वाटतंय मला. लई बरं वाटतंय.

त्या प्रभुला सांग, वैरागला जा म्हणावं… व्हय, पक्कं. चहा झाला असंल तर जाऊ दे त्याला.

भिशीत? भिशीत मी बघते काय सांगायचं ते. म्हणीन, बुलडोझर काय, कुणीबी चालवतंय. पेट्रोल घातलं की झालं. बर्फात एवढ्या माणसांना मीठ बरोबर पडायला हात लागतोय… डिझेल व्हय? बरं, डिझेल म्हणीन.

थांब थांब, आतनं काहीतरी ओरडायलेत. काय म्हणताय?… ऐक, फोडणी करून दाखवतो म्हणत्यात आन् मोहरी कुटं गेली विचारत्यात.

अहो, डोझरला लावलीत की सगळी… ठेवते गं, पिंके. वाण्याकडं जाऊन येते.