रांगेत बसवलेले कण

उत्तरेतल्या चारबाग स्टेशनच्या प्रतीक्षालयात मराठी कानावर पडलं, तसे दमलेले सुभेदार गोपीनाथ डोळे मिटूनच ऐकू लागले. शेजारी बाप-लेकीचं चाललं होतं.

“चार वर्षं कॉम्प्युटरवर काय वितळवलंस, क्षितिजा?”

“लहान-मोठ्या कणांचा एक थर, बाबा. तापवल्यावर रांगा कधी मोडतात ते बघायचं.”

“मग? मोडल्या ना?”

“काल न तापवता नुसत्या ठेवल्या. तरी मोडल्या.”

“आं?”

“लहान-मोठे कण रांगेत राहतच नाहीत. मीच जबरदस्तीनं बसवले होते.”

“म्हणजे प्रबंध चुकला? सोमवारी द्यायचाय ना? सरांना कळलंय?”

“नाही.”

“मग गप्प बस की. गाडी लागली, चल.”

“तुम्ही जा, बाबा. जेवणाचा डबाही न्या. मी इथंच महानगर भागात सरांच्या घरी जाते.”