वाणाच्या वाट्या आणि खोटं बोलणारी पेटी

हॅलो?… कोण, मीनाक्षी? अगं, कुठून बोलतेस?… हुबळीत, कोप्पीकर रोडवरून? भांड्यांच्या दुकानासमोरून? बरं, नाणी आहेत ना जवळ? बोल, बोल.

हो, हो… हळदीकुंकवाच्या वाणाच्या वाट्या. मीच म्हटलं की तिथं जा म्हणून. मी म्हणजे… कॉम्प्युटरनं. माझ्या प्रोग्रामात दोन्ही दुकानांचे भाव टाईप केले, बटण दाबलं, 'हुबळी स्वस्त' असं आलं.

काय?… तिथं डझनाला एकशेपाच? आणि आपल्या धारवाडात, सुभाष रोडवर पंचाण्णव?… हो गं, तेच आकडे घातलेत मी, ह्या हातानं… मग एकशेपाच कमी कसे? थांब, डोकंच चालेना माझं.

हसू नकोस गं! तुझ्या अप्पांनी सकाळीच बजावलंय, 'सूनबाई, महिना झाला व्हिज्युअल बेसिकच्या क्लासला. आज त्या पेटीनं एक तरी खरं सांगू दे, नाहीतर क्लास बंद.' बाहेर कट्ट्यावर बसलेत. म्हणून तर हळू बोलतेय.

अगं ऐक ना, तू घेऊ नकोस तिथं… काय? घेतल्यास? पाच डझन? अय्यो!… पंच्याऐंशीनं? ते कसं काय?… हां… हां… उठून पायरीपर्यंत आलीस, आणि 'बर्री अक्का, बर्री' म्हणत त्यानं परत बोलावलं. बाई गं, धन्य आहेस!… होय की, सुभाष रोडवाला कुठला सोडतोय? 'एकच भाव' अशी पाटीच आहे त्याची.

म्हणजे हुबळीच स्वस्त पडली? म्हणजे प्रोग्राम बरोबर?… छे, बरोबर कसला! तू घासाघीस करणार हे त्याला काय ठाऊक? मग त्यानं एकशेपाच कमी ठरवले कशावरून?…

थांब, थांब. एक… नऊ… मीनाक्षी! शाळेत हजेरीपटावर मी मुलांची नावं कशी लावते, पहिलं अक्षर बघून? तस्संच केलंय ह्यानं! पहिला आकडा बघितला, नवाच्या आधी एक, झालं! पुढचं बघतोय कोण! सर म्हणाले होते गं, चौकटीत टाईप केलेलं तो अक्षरंच समजतो, आधी त्याची संख्या करून घ्या. वहीत लिहूनसुद्धा घेतलं होतं मी. कळलं नव्हतं, तेवढंच!

काय?… अप्पांना नको सांगू? 'पेटीनं सांगितलं तिथंच स्वस्त मिळाल्या' एवढंच म्हणू?… हो, क्लास वाचेल… हो गं, पटतंय… पण मग हे सांगू कुणाला? महिनाभरात पहिल्यांदा काहीतरी कळलंय मला, आत्ता, आत्ता… हॅलो? मीनाक्षी? नाणं टाक की… हॅलो?…

गेला.

अप्पा! जरा आत येता?… हो, तिचाच होता. वाट्या स्वस्त मिळाल्या. पण पेटी खोटं बोलली होती… रागवा हवं तर, नंतर रागवा. आधी ही खुर्ची घ्या. का खोटं बोलली, ते दाखवते तुम्हाला.