माझी कंबर आणि पायाळू सरू

तुम्ही हसाल, पण मला अजून राग येतो. किती वर्षं कंबर दुखत होती! जो तो डॉक्टर एमआरआयची फिल्म उजेडात धरायचा आणि म्हणायचा, "मणका आहे. ऑपरेशन करावं लागेल." मी पीएचडी झालेला माणूस, पण उलटं विचारायचं धाडस नव्हतं. हा हाडाचा कॅन्सर आहे आणि सगळे माझ्यापासून लपवताहेत, असं मी धरून बसलो आणि बायकोलाही तेच ऐकवायचो.

आमच्या शेजारची सरू पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. बायको म्हणायची, "तिची लाथ लावून घ्या, उसण जाते."

मी खेकसायचो, "मणका मोडेल माझा!"

परवा जळगाव जामोदला नवी डॉक्टरीण भेटली. तिने फाईल बाजूला ठेवली. "काका, दुखतं कुठे ते एका बोटाने दाखवा."

मी कंबरेखाली डावीकडे बोट ठेवलं. तिने मला झोपवून पाय दुमडला आणि गुडघा खाली दाबला. मी बोंबललो. मग तिने तिथलाच एक्स-रे काढला.

"दुखणं मणक्याचं नाही. कण्याचं टोक कंबरेच्या हाडाला जुळतं, तो सांधा दुखतोय. त्रास देईल, पण धोका नाही. व्यायाम करा."

घरी येऊन मी ओरडत सुटलो, "इतक्या वर्षांत एकाने हात लावून पाहिलं नाही! एकाने!"

बायको म्हणाली, "मंग आता काऊन चिडून राह्यले? मराचं राह्यलं म्हून?" आणि भिंतीवरून हाक मारली, "सरू, ये वं! आता मणका मोडाचं भेव नाही!"